वाचनालयातल्या मशीनवर ई-यूडेव्ह काढून एमडेव्हडी बसवावं का?

ग्रंथखण

नमस्कार मंडळी. गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आमची कॉम्प्युटर्स लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेतलेली आहेत, काही २ जीबी रॅमची, काही ४ जीबीची. सगळ्यांवर देवुआन हे लिनक्स आहे आणि ते व्यवस्थित चालतं. तक्रार म्हणून हा धागा काढत नाही.

एक मशीन दाराशी आहे, त्यावर वाचक फक्त पुस्तकांची यादी शोधतात. दुसरं देवघेवीच्या काउंटरवर, त्याला बारकोड स्कॅनर आणि छोटा लेझर प्रिंटर. तिसऱ्याला फ्लॅटबेड स्कॅनर, त्यावर आम्ही जुनी मासिकं स्कॅन करतो. बाकीची अभ्यासिकेत. तिथे स्पर्धा परीक्षांची मुलं पेनड्राइव्ह लावतात, मोबाइल लावतात, कधी स्वतःचा कीबोर्डही घेऊन येतात.

आमच्याकडे इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी मदतीला येतो. मनापासून काम करतो. त्याचं म्हणणं असं की जोडलेली उपकरणं ओळखून हाताळणारा ई-यूडेव्ह हा प्रोग्रॅम काढून टाकावा आणि त्याजागी तेच काम करणारा एमडेव्हडी आणि त्याच्या जोडीची लिबयूडेव्ह-झीरो ही लायब्ररी बसवावी. कारणं तीन सांगितली. ई-यूडेव्ह ही मूळ यूडेव्हची फाटा फुटलेली आवृत्ती आहे आणि ती सांभाळणारी माणसं मोजकी. दुसरं, नवीन जोडी आकाराने फार लहान, जुन्या मशीनला हलकी पडेल. तिसरं कारण मला सगळ्यात जास्त पटलं: एमडेव्हडीची सगळी मांडणी एकाच फाइलमध्ये असते आणि ती मला स्वतःला वाचता येईल.

मात्र हा मुलगा पुढच्या वर्षी पास होऊन नोकरीला लागेल. मग जे काही बसवलेलं असेल ते मलाच सांभाळायचं आहे. मला कमांड चालवता येतात, साध्या स्क्रिप्ट लिहिता येतात, सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नाही. बदल केला तर नेमकं काय हातचं जाईल, हे कोणी नीट सांगेल का? "चालेल" किंवा "चालणार नाही" एवढंच नको, कारण समजून घ्यायचं आहे.

---

परळचा_पेंग्विन

सरळ डेबियन टाका, म्हणजे देवुआन ज्यातून निघालं ते लिनक्स, सिस्टमडी या सगळ्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमसकट. जगातल्या बहुतेक डेस्कटॉपवर तेच यूडेव्ह चालतं, अडचण आली तर उत्तर लगेच सापडतं. एकट्या माणसाला सांभाळायचं असेल तर मोठ्या गर्दीच्या वाटेने जावं असं माझं ठाम मत आहे.

---

वजनकाटा

ताई, मी अंधेरीच्या एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांच्या पॅनेल कॉम्प्युटरवर काम करतो. आमच्या सगळ्या पॅनेलवर अल्पाइन हे छोटं लिनक्स आणि एमडेव्हडी आहे आणि मी त्यावर खूश आहे. तरीही तुमच्या अभ्यासिकेत ते बसवू नका असंच सांगेन.

मुळात यूडेव्ह काय करतं याबद्दल एक जुना समज अजून टिकून आहे, की ते डेव्ह फोल्डरमधल्या, एकेका उपकरणाच्या नावाच्या फाइली तयार करतं. पूर्वी करत असे. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ते त्यासाठीच लिहिलं, कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, डेव्हएफएसला पर्याय म्हणून. पण २००९ मध्ये, २.६.३२ कर्नलपासून, डेव्हटीएमपीएफएस आलं आणि फाइली कर्नल स्वतःच तयार करू लागला. म्हणजे उद्या तुम्ही यूडेव्हसारखा कुठलाच डिव्हाइस मॅनेजर चालवला नाही तरी डिस्कची फाइल दिसेल, माउसची दिसेल. "यूडेव्ह बंद केलं तरी सगळं दिसतंय" असं म्हणून लोक जी खात्री करून घेतात ती म्हणूनच फसवी असते.

तुमच्या भाषेत सांगतो. पुस्तक कपाटात ठेवायचं काम आता कर्नल करतो. यूडेव्ह त्या पुस्तकाचं कार्ड बनवतं. हा कीबोर्ड आहे की टचपॅड, या पार्टिशनवर कुठली फाइल सिस्टम आहे, हा स्कॅनर कोणत्या ग्रुपला वापरता यावा, हे सगळं त्या कार्डावर. आणि बाकीचे प्रोग्रॅम कपाटात न जाता कार्ड बघतात. पडद्यावर डेस्कटॉप दाखवणारा एक्स सर्व्हर, कीबोर्ड-माउस हाताळणारं लिबइनपुट, पेनड्राइव्ह माउंट करणारं यूडिस्क्स, नेटवर्कमॅनेजर, मॉडेममॅनेजर हे सगळे लिबयूडेव्ह या लायब्ररीतून विचारतात.

लिबयूडेव्ह-झीरो त्याच नावाने तीच फंक्शनं देतं, म्हणून प्रोग्रॅम सुरू होतात. पण मागे कार्डांची पेटीच नसते. यूडेव्हचा डेटाबेस नाही, हार्डवेअर डेटाबेस नाही, नियमांच्या फाइली वाचणारं कोणी नाही. उपकरण कोणत्या प्रकारचं आहे एवढं ते कर्नलकडून काढून सांगतं, म्हणून माउस-कीबोर्ड चालतात. यूडिस्क्सला मात्र फाइल सिस्टमचा प्रकार आणि लेबल हवं असतं आणि ते डेटाबेसमधूनच मिळतं. मुलाने पेनड्राइव्ह लावला की डेस्कटॉपवर आपोआप दिसणं तुमच्याकडे इथे थांबेल.

फाइल सिस्टम टेबलमध्ये यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहून ठेवलेली पार्टिशनं तरीही माउंट होतील, त्याची काळजी नको. माउंट कमांड आधी यूडेव्हने बनवलेल्या लिंक शोधते आणि त्या नसल्या तर स्वतः डिस्क तपासते. पण एखाद्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये त्या लिंकचा पूर्ण पत्ता लिहिलेला असेल तर ती थेट बंद पडेल. त्या स्क्रिप्ट आधी शोधून ठेवा.

आमच्याकडे हे का चालतं? पॅनेलला काय जोडलेलं आहे ते कारखान्यातून निघतानाच ठरलेलं असतं. दोन सिरियल कन्व्हर्टर, एक बारकोड स्कॅनर, एक लेबल प्रिंटर. ग्राहक काही नवीन लावणार नाही. एमडेव्हडी आधीच्या एमडेव्हच्याच पद्धतीची फाइल वाचतं, आणि माझी ती फाइल एका स्क्रीनवर मावते. प्रत्येक ओळीत उपकरणाच्या नावाचा नमुना, मालक आणि ग्रुप, परवानगी, आणि हवी असल्यास एक कमांड. कमांडच्या आधी ॲट चिन्ह असेल तर ती उपकरण जोडल्यावर चालते, डॉलर असेल तर काढल्यावर, आणि चांदणी असेल तर दोन्ही वेळा. नव्या मुलाला ते सहज शिकवता येतं. तुमच्या विद्यार्थ्याला जे आवडलं ते खरंच आवडण्यासारखं आहे.

पण त्यासाठी मला काय करावं लागलं तेही ऐका. यूडेव्ह असतं तर सिरियल पोर्टसाठी "आयडीनुसार" आणि "जागेनुसार" अशा कायम नावाच्या लिंक आयत्या मिळाल्या असत्या. एमडेव्हडीत त्या नाहीत. आमचे दोन्ही कन्व्हर्टर अगदी सारखे आणि त्यांच्या चिपला स्वतःचा सिरियल नंबर नसतो. कोणता काटा कोणत्या पोर्टवर हे ठरवायला सिसएफएसमधून (कर्नल उपकरणांची माहिती दाखवतो त्या फोल्डरमधून) यूएसबीची जागा वाचणारी स्क्रिप्ट मी लिहिली, आणि नवीन मॉडेलचा बोर्ड आला की ती मलाच तपासावी लागते. माझ्या नोकरीचाच तो भाग आहे, म्हणून परवडतं.

---

ग्रंथखण

वजनकाटा, फार उपयोगी पडलं. कार्डाचं उदाहरण लगेच लक्षात आलं. दोन गोष्टी विचारते. मेमरीचा फायदा किती? आणि आमचा लेझर प्रिंटर दर वेळी चालू केला की अर्धा मिनिट काहीतरी करतो, मग तयार होतो. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

---

वजनकाटा

मेमरीचा मुद्दा सोडून द्या. यूडेव्हचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, काही एमबीच खातो. अभ्यासिकेतल्या ब्राउझरचा एक टॅब त्याच्या कितीतरी पट घेतो. २ जीबीच्या मशीनला दिलासा हवा असेल तर झेडरॅम (मेमरीतला मजकूर दाबून साठवायची सोय) चालू करा, हलका डेस्कटॉप निवडा, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. मेमरीसाठी डिव्हाइस मॅनेजर बदलायचा, तर ३२ एमबी रॅमच्या राउटरवर. तिथे बिझीबॉक्स या छोट्या कमांड-संचातलं साधं एमडेव्ह अजूनही शोभतं.

प्रिंटरचं तुम्ही नेमकं हेरलंत. मुंबईतल्या झेरॉक्सच्या दुकानांत दिसणाऱ्या काही लहान लेझर प्रिंटरमध्ये फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आत चालणारा प्रोग्रॅम, कायमचं साठवलेलं नसतं. चालू केलं की कॉम्प्युटरने ते यूएसबीवरून पाठवायचं आणि मग प्रिंटर जागा होतो. हे पाठवायचं काम ड्रायव्हरच्या पॅकेजबरोबर आलेला यूडेव्हचा नियम करतो. एमडेव्हडी आणलंत तर तो नियम कोणी वाचणार नाही. प्रिंटर यूएसबीच्या यादीत दिसेल, कागद मात्र बाहेर येणार नाही. एमडेव्हच्या फाइलमध्ये एक ओळ आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहून ते जमतं, पण आधी कोणीतरी हे ओळखायला हवं.

खरा खर्च हा आहे. यूडेव्हच्या जगात स्कॅनरचं पॅकेज स्वतःचे नियम घेऊन येतं, प्रिंटरचं आणतं, मोबाइलचं आणतं. तुम्हाला कळतही नाही. एमडेव्हडीच्या जगात हे सगळं जुळवणारी व्यक्ती तुम्ही असता. फाइल वाचता येते हे खरं, पण तिच्यात काय लिहायला हवं होतं आणि राहिलं, ते फाइल वाचून कळत नाही.

---

कळफलक

मी मराठी टायपिंगच्या बाजूने लिहितो, कारण या चर्चेत ही गोष्ट नेहमी सुटते आणि वाचनालयासाठी ती महत्त्वाची आहे.

ताई, तुमच्या मशीनवर मराठी इनस्क्रिप्ट कुठे सेट केलेलं आहे ते बघा. डेबियन आणि देवुआनमध्ये कीबोर्डची मांडणी इटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्टखालच्या कीबोर्ड नावाच्या फाइलमध्ये असते. एक्स सर्व्हर ती फाइल थेट वाचत नाही. त्याच्या पॅकेजबरोबर यूडेव्हचा एक नियम येतो, तो ही फाइल वाचून मांडणीचं नाव प्रत्येक कीबोर्डच्या नोंदीत टाकतो, आणि एक्स ते नाव लिबयूडेव्हकडून घेतो. यूडेव्ह काढलं की साखळी तुटते. फाइल जागेवर, मराठी गायब. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये मांडणी वेगळी निवडलेली असेल तर लॉगिननंतर ती येईल, पण दाराशी लॉगिनशिवाय चालणाऱ्या यादीच्या मशीनवर इंग्रजीच राहील. आमच्या भागात वाचनालयात येणारे ज्येष्ठ लोक पुस्तकाचं नाव मराठीतच टाइप करतात. कळ दाबल्यावर भलतंच अक्षर उमटलं तर ते परत मशीनला हात लावत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

उपाय सोपा आहे. एक्सऑर्गच्या, म्हणजे एक्स सर्व्हरच्या, मांडणीच्या फोल्डरमध्ये इनपुटक्लास नावाचा तुकडा लिहायचा, "जे जे कीबोर्ड असेल त्याला ही मांडणी". लॉगिनच्या वेळी सेटएक्सकेबीमॅप ही मांडणी बदलणारी कमांड चालवण्यापेक्षा हेच बरं, कारण मधेच कोणी दुसरा कीबोर्ड लावला तरी त्यालाही मराठी मिळतं. डिव्हाइस मॅनेजर बदला किंवा नका बदलू, हे आजच करून ठेवायला हरकत नाही.

हा प्रकार पहिल्यांदा घडत नाहीये. २०१० मध्ये एक्स सर्व्हर १.८ ने हॅल ही उपकरणं ओळखणारी जुनी व्यवस्था सोडून यूडेव्ह धरलं तेव्हा ज्यांनी कीबोर्डची मांडणी हॅलच्या एक्सएमएल फाइलींत लिहिली होती त्या सगळ्यांच्या त्या ओळी एका अपडेटमध्ये निरुपयोगी झाल्या. इनपुटक्लासची सोय त्याच आवृत्तीत आली. डिव्हाइस मॅनेजर बदलला की मोडतं ते असं, दोन पायऱ्या लांबचं, ज्याचा त्याच्याशी संबंध आहे हे कोणाला माहीतच नसतं.

---

परळचा_पेंग्विन

वरच्या दोघांचं वाचून माझं म्हणणं आणखी पक्कं झालं. यूडेव्ह लागणारच असेल तर मूळचंच घ्या ना. ई-यूडेव्हसारखा फाटा कशाला?

---

वजनकाटा

पेंग्विन, याला थोडा इतिहास आहे. एप्रिल २०१२ मध्ये यूडेव्ह सिस्टमडीच्या सोर्समध्ये विलीन झालं. १८२ ही स्वतंत्र यूडेव्हची शेवटची आवृत्ती. त्याच वर्षी एक बदल असा आला की मोड्यूल (कर्नलचा वेगळा जोडता येणारा भाग) सुरू होताना फर्मवेअर मागणारे ड्रायव्हर अडकून पडू लागले. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ऑक्टोबरमध्ये कर्नलच्या ईमेल-यादीवर उघड राग व्यक्त केला आणि ३.७ पासून कर्नल फर्मवेअर स्वतःच डिस्कवरून वाचू लागला. त्या वातावरणात जेंटू या लिनक्सच्या काही मंडळींनी डिसेंबरमध्ये ई-यूडेव्ह काढलं. एवढा मोक्याचा भाग एकाच प्रकल्पाच्या मर्जीवर राहू नये ही भावना मला आजही चुकीची वाटत नाही.

पण त्याच जेंटूने ऑगस्ट २०२१ मध्ये ई-यूडेव्ह निवृत्त करत असल्याचं जाहीर केलं. कारण असं की सिस्टमडीच्या सोर्समधलं यूडेव्ह सिस्टमडी न चालवताही बांधता आणि वापरता येतं, जेंटूत ओपनआरसी या सिस्टमडीच्या पर्यायाबरोबर ते तसंच चालतं. मग देवुआन, अल्पाइन आणि जेंटूतल्याच काही लोकांनी मिळून प्रकल्प पुढे नेला. त्यामुळे ताईंच्या विद्यार्थ्याची शंका रास्त आहे, माणसं थोडी आहेत. तोटा दिसतो तो असा: मूळ यूडेव्हमध्ये नवीन हार्डवेअरच्या नोंदी आणि नियमांमधल्या नव्या सोयी आधी येतात, ई-यूडेव्हमध्ये मागाहून. लॅमिंग्टन रोडच्या जुन्या मशीनला या उशिराने फरक पडत नाही, त्यांची सगळी उपकरणं केव्हाच नोंदलेली आहेत. नवा लॅपटॉप असता तर मी वेगळं बोललो असतो.

मूळ यूडेव्हही न बदलणारं नाही. कर्नल ४.१४ ने उपकरणाला ड्रायव्हर चिकटल्याची आणि सुटल्याची नवी सूचना पाठवायला सुरुवात केली. "जोडणं किंवा बदल नसेल तर पुढे जा" अशा थाटात लिहिलेले जुने नियम त्या सूचनेवर आधी लावलेली माहिती गमावून बसत. सिस्टमडी २४७ च्या निवेदनात नियम लिहिणाऱ्यांना सांगावं लागलं की उलट लिहा, "काढलं असेल तरच पुढे जा". तुमचे स्वतःचे काही नियम असतील तर ही एक गोष्ट तपासा, ताई.

आणि कोणाला वाटत असेल की हा फक्त लिनक्समधला गट-तट आहे, तर फ्रीबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टमकडे बघा. त्यांचा स्वतःचा डेव्हडी आहे, स्वच्छ, समजायला सोपा. तरीही डेस्कटॉपचे प्रोग्रॅम चालावेत म्हणून त्यांना लिबयूडेव्हसारखी दिसणारी लायब्ररी त्यावर चढवावी लागली. डीमन कोणता हा प्रश्न आता दुय्यम झाला आहे. प्रोग्रॅम ज्या पद्धतीने विचारतात ती पद्धत सगळीकडे यूडेव्हची आहे, आणि ती बदलणं तुमच्या-माझ्या हातात नाही.

---

ग्रंथखण

वाचून एक प्रयोग केला. कोणीतरी सांगितलं होतं की ॲप्टला (पॅकेजेस बसवणाऱ्या-काढणाऱ्या कमांडला) खरं काही न करता नुसती तालीम करायला सांगता येते. ई-यूडेव्ह काढायची तालीम करून पाहिली. यादीत एक्स सर्व्हर होता, आणि त्याच्यामागून अख्खा डेस्कटॉप. ती यादी विद्यार्थ्याला दाखवली, तोही विचारात पडला. त्याचं म्हणणं, मग दाराशी असलेल्या यादीच्या मशीनवर देवुआनऐवजी अल्पाइन टाकून बघू, तिथे हे मुळातच एमडेव्हवर उभं आहे.

मला तो विचार आवडला, कारण त्या मशीनला कीबोर्ड आणि माउसपलीकडे काही लागत नाही, आणि मुलाला शिकायला मिळेल. त्याचा उत्साह मोडायचा नाही.

---

वजनकाटा

यादीच्या मशीनसाठी हे अगदी योग्य आहे. एक लक्षात ठेवा: अल्पाइनमध्ये एक्सची पायाभूत मांडणी करणारी त्यांची स्क्रिप्ट वापरलीत तर ती आपणहून यूडेव्ह बसवते. डीफॉल्ट एमडेव्ह ठेवणाऱ्या लोकांनीही डेस्कटॉपसाठी हाच निर्णय घेतला आहे. त्यामुळे एमडेव्हडी हवं असेल तर एक्सची पॅकेजेस हाताने बसवा, आणि सेटअप-डेव्हडी कमांडने काय चालू आहे ते निवडा. लिबयूडेव्ह-झीरो वापरणार असाल तर एमडेव्हडीला मोठ्या ओ अक्षराचा पर्याय देऊन सूचना पुढे पाठवायला सांगा. तो दिला नाही तर सुरुवातीला असलेला कीबोर्ड चालतो, पण काढून परत लावला की एक्सला पत्ता लागत नाही. दाराशी साफसफाई करताना वायर निघतेच.

---

कळफलक

अल्पाइनबद्दल आणखी एक, विषय थोडा सोडून, पण ग्रंथपालांना सांगायलाच हवं. अल्पाइनची सी लायब्ररी (जिच्या आधारावर बाकीचे प्रोग्रॅम चालतात ती) मसल आहे आणि तिच्यात भाषेनुसार क्रम लावायची सोय नाही, अक्षरांच्या युनिकोड क्रमांकावर क्रम लागतो. युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर लगेच, व च्या आधी येतो. आपल्या कोशात तो ह नंतर. म्हणजे त्या मशीनवर "काळ" आधी आणि "कावळा" नंतर. यादीचा क्रम सर्व्हरवर लागत असेल तर प्रश्न नाही. त्या मशीनवरच साध्या फाइलमधून यादी लावत असाल तर क्रम सर्व्हरवरच लावून पाठवा.

---

ग्रंथखण

क्रम सर्व्हरवर लागतो, आणि तो सर्व्हर देवुआनवरच राहणार आहे. तरी हे कळलं ते फार बरं झालं, आमच्याकडे वर्णक्रमावरून वाद होतात.

ठरलं ते असं. अभ्यासिका, काउंटर आणि स्कॅनिंग, तिन्हीकडे ई-यूडेव्ह तसंच. इनपुटक्लासचा तुकडा सगळीकडे टाकला, दोन वेगळे कीबोर्ड लावून पाहिले, मराठी दोन्हींवर आलं. यादीच्या मशीनवर अल्पाइन आणि एमडेव्हडी विद्यार्थी बसवतो आहे, जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली आहे, म्हणजे नाही जमलं तर परत लावता येईल. प्रिंटरचा नियम कोणत्या पॅकेजमधून येतो तेही शोधून वहीत लिहून ठेवलं.

पेंग्विन, तुमचं म्हणणंही डोक्यात आहे. देवुआनची पुढची आवृत्ती घेताना ई-यूडेव्हची स्थिती काय आहे ते बघून तेव्हा ठरवीन.

---

वजनकाटा

ताई, वहीत आणखी एक लिहा. यूडेव्ह-ॲडमची मॉनिटर ही कमांड चालू ठेवून उपकरण लावलं की कर्नलची सूचना आणि यूडेव्हने त्यात घातलेली भर वेगवेगळी दिसते. पुढे कधी काही चालेनासं झालं तर आधी हे बघा. कर्नलची ओळ आली आणि यूडेव्हची आली नाही तर डीमनकडे बघायचं, दोन्ही आल्या तर नियमांकडे, आणि एकही आली नाही तर वायर बदलून बघायची.